मिलिसेकंदाची किंमत कोण मोजतो?

'काउंटर-स्ट्राइक' किंवा 'व्हॅलोरंट' या नेमबाजीच्या खेळांत भिंतीच्या कडेला दोन खेळाडू अचानक समोरासमोर आले, की दोघांपैकी कोण उरणार हे पाव सेकंदाच्या आसपास ठरतं. पडद्यावर काही हललं हे डोळ्यांना दिसून बोटाने माऊसचं बटण दाबेपर्यंत निरोगी तरुण माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ हर्ट्झवर ६.९ आणि २४० हर्ट्झवर ४.२. म्हणजे समोरचा भिंतीआडून बाहेर आलेला असतानाही माझ्या पडद्यावर अजून रिकामी भिंतच दिसते आहे, असं खरोखर घडतं. या आकड्यांच्या आधाराने पीसीवर 'ट्वीक' करण्याचं एक प्रचंड मोठं जग उभं राहिलं आहे. बायोसमध्ये शिरून व्होल्टेज वाढवायचं, विंडोजच्या सेवा एकेक करून बंद करायच्या, रजिस्ट्रीतले आकडे बदलायचे, अँटीव्हायरस उपटून टाकायचा, नाहीतर कुणा अनोळखी माणसाने काटछाट करून बनवलेली 'हलकी' विंडोजच बसवायची.

याबद्दल दोन ठाम मतं ऐकू येतात. खेळणारे म्हणतात, एकेक मिलिसेकंद मोलाचा आहे, त्यासाठी काहीही करावं. न खेळणारे आणि बरेच तंत्रज्ञही म्हणतात, हे सगळे मनाचे खेळ आहेत, त्याने काही होत नाही. मला दोन्ही मतं आळशी वाटतात. काही ट्वीक्सनी खूप काही होतं. काहींनी काहीच होत नाही. आणि काही अशा आहेत, की त्यांचा फायदा खेळणाऱ्याला कणभर मिळतो आणि धोका मात्र त्याच घरातल्या, कधीही न खेळणाऱ्या माणसांच्या माथी येतो. फायद्या-तोट्याचा हिशेब मांडायचाच असेल, तर नुकसान कोणाच्या खात्यातून जाणार आहे, हा रकाना सगळ्यात आधी भरायला हवा.

पण आधी फायद्याची बाजू पुरती बघू, कारण ती नाकारून खेळणाऱ्या मुलांशी बोलता येत नाही.

समजा, दोन तुल्यबळ खेळाडू आहेत. दोघांची प्रतिक्रिया सरासरीने सारखीच, पण दर वेळी ती थोडी मागेपुढे होते. कधी झोप कमी झालेली असते, कधी लक्ष दुसऱ्या कोपऱ्यात असतं. हा चढउतार प्रत्येकी ३० मिलिसेकंदांच्या प्रमाण विचलनाचा धरू. संख्याशास्त्राचं साधं गणित सांगतं, की एकाला यंत्राकडून ३ मिलिसेकंदांचा कायमचा फायदा मिळाला, तर शंभर लढतींतल्या ५० ऐवजी तो सुमारे ५३ जिंकेल. फायदा २० मिलिसेकंदांचा असेल, तर सुमारे ६८. हे गणित ढोबळ आहे, खऱ्या सामन्यात निशाणा, जागा आणि सहकारी यांचाही वाटा असतो. तरी दोन गोष्टी यातून स्वच्छ दिसतात. तीन मिलिसेकंदांचा फायदा खोटा नाही. वर्षभर खेळणाऱ्याला तो जाणवेल. पण वीस मिलिसेकंद जिथे सांडताहेत ती जागा न शोधता अर्ध्या मिलिसेकंदामागे धावणं म्हणजे मेहनत चुकीच्या ठिकाणी घालणं आहे.

ट्वीकची ही ओढ आजची नाही, आणि तिला सबळ कारणंही होती. १९९९ साली आलेल्या 'क्वेक थ्री'मध्ये खेळाडूच्या हालचालीचं गणित फ्रेमच्या वेगाला बांधलेलं होतं. सेकंदाला १२५ फ्रेम मिळाल्या, की आकड्यांच्या पूर्णांकनामुळे उडी थोडी उंच जायची, आणि एरवी न गाठता येणाऱ्या जागा गाठता यायच्या. त्या काळच्या खेळाडूने १२५ साठी जीव टाकला, तर तो वेडेपणा नव्हता. यंत्राचा वेग हा तिथे शब्दशः खेळाचा नियम होता. पुढे हालचाल फ्रेमपासून वेगळी करण्याची सोय त्या खेळात आली. 'काउंटर-स्ट्राइक १.६'च्या जमान्यात सायबर कॅफेत बसणाऱ्या मुलांना रेट २५०००, अपडेट रेट १०१ हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असायचे. त्या आकड्यांचाही परिणाम होता, कारण सर्व्हरकडून सेकंदाला किती वेळा माहिती मागवायची ते त्यातून ठरत होतं. अडचण अशी, की खेळ बदलले, यंत्रं बदलली, विंडोज बदलली. आणि ट्वीक्सची यादी मात्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे तशीच सरकत राहिली. एकेकाळी ती का केली जायची, हे सांगणारं कोणी उरलं नाही.

आज मोठे मिलिसेकंद नेमके कुठे सांडतात? माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा आलेली गोष्ट फारच साधी आहे. हौसेने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलेला असतो आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच राहिलेला असतो. एवढा एक आकडा बदलला, की दर चित्रामागे जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, फुकट आणि कोणत्याही धोक्याशिवाय. दुसरी गोष्ट रॅमची. दुकानदाराने १६ जीबीची एकच पट्टी बसवून दिलेली असते, त्यामुळे मेमरीचे दोन मार्ग असून एकच वापरात असतो. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला ८-८ च्या दोन पट्ट्या किती बदल घडवतात, हे बघितल्याशिवाय पटत नाही. तिसरी गोष्ट व्ही-सिंक. चित्र फाटू नये म्हणून ते चालू ठेवलं, की तयार झालेली चित्रं पडद्याची वाट बघत रांगेत उभी राहतात.

याच रांगेमुळे एक उलटा वाटणारा सल्ला खरा ठरतो. ग्राफिक्स कार्ड ९९ टक्के कामात बुडालेलं असतं, तेव्हा प्रोसेसर पुढच्या चित्रांची कामं तयार करून त्याच्यापुढे साठवत राहतो. पडद्यावरचा एफपीएस, म्हणजे सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेमचा आकडा, भरघोस दिसतो, पण माऊस हलवल्याचा परिणाम दिसायला उशीर होतो. अशा वेळी फ्रेमवर मर्यादा घातली, एफपीएस थोडा कमी करून घेतला, तर हाताला खेळ जास्त चपळ लागतो. एनव्हिडियाने २०२० साली आणलेलं रिफ्लेक्स हेच करतं. खेळाच्या आतून प्रोसेसरला आवर घालून ती रांग साठूच देत नाही. त्याच कंपनीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये निशाणा साधण्याच्या कामावर प्रयोग केले होते. ६० हर्ट्झच्या पुढे रिफ्रेश रेट वाढवण्यापेक्षा हालचाल आणि चित्र यांच्यातला उशीर कमी केल्याचा फायदा त्यांना ठळक दिसला. कार्ड विकणाऱ्या कंपनीचं संशोधन म्हणून ते सावधपणे वाचावं हे मान्य, पण निष्कर्ष फक्त 'जास्त फ्रेम घ्या' असा निघाला असता, तर मला त्यावर जास्त संशय आला असता.

इथेच एफपीएस या आकड्याबद्दल बोलायला हवं, कारण सगळी ट्वीकबाजी त्याच्याभोवती फिरते. सरासरी एफपीएस हा फसवा आकडा आहे. सेकंदाला २४० फ्रेम मिळत असताना मध्येच एक फ्रेम ४० मिलिसेकंद अडकली, तर सरासरीला ढिम्म फरक पडत नाही, पण ती अडकण्याची वेळ लढतीचीच असण्याचा संभव जास्त, कारण धूर, स्फोट आणि चार खेळाडू एकदम पडद्यावर येतात ते तेव्हाच. 'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये हे मांडलं आणि सरासरीऐवजी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजायला सुरुवात केली. आज चाचण्यांमध्ये 'एक टक्का लो' हा जो आकडा देतात, तो याच विचारातून आला. स्पर्धेत खेळणाऱ्याच्या हाताला सवय लागते ती एका ठरावीक उशिराची. उशीर १२ मिलिसेकंद कायम असेल तर हात ते शिकून घेतो. एकदा ८, एकदा २० असेल तर शिकण्यासारखं काही राहत नाही. सरासरी वाढवून हा समतोल बिघडवणारी ट्वीक स्पर्धेच्या दृष्टीने तोट्याचीच, मग आकडा कितीही मोठा दिसो.

नेटवर्कच्या बाबतीत तर निसर्गाचीच हद्द आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटरच्या जाण्यायेण्याला किमान १० मिलिसेकंद. 'व्हॅलोरंट' आणि 'काउंटर-स्ट्राइक'चे सर्व्हर मुंबईत आल्यामुळे पुण्या-नागपूरच्या खेळाडूचं जे भलं झालं, ते कोणत्याही ट्वीकने कधीच झालं नसतं. सिंगापूर मुंबईहून सुमारे ३९०० किलोमीटर. मुंबईतून तिथल्या सर्व्हरवर ३९ मिलिसेकंदांच्या आत पिंग आणणं कोणालाही शक्य नाही. तरीही 'पिंग बूस्टर' नावाची औषधं विकली जातात. रजिस्ट्रीत टीसीपीचे आकडे बदलून नेगल अल्गोरिदम बंद करण्याची युक्ती तर पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. जॉन नेगल यांनी ती पद्धत १९८४ मध्ये मांडली ती टीसीपीसाठी, बारीकसारीक पाकिटं एकत्र करून पाठवण्यासाठी. नेमबाजीच्या या खेळांची हालचाल यूडीपीवरून जाते. ज्या रस्त्याने गाडी जातच नाही, त्या रस्त्यावरचा अडथळा काढून काय मिळणार?

घरातला खरा त्रास असतो राउटरमध्ये. एरवी १५ असणारं पिंग कोणाच्या तरी फोनने फोटो वर चढवायला घेतले की १५० होतं, कारण राउटर पाकिटं टाकून देण्याऐवजी लांबलचक रांगेत साठवतो. टोलनाक्यावर रुग्णवाहिका ट्रकांच्या मागे अडकावी, तशी खेळाची इवलीशी पाकिटं त्या रांगेत अडकतात. रांगेचं शहाणं नियोजन करणारी एफक्यू-कोडेल ही पद्धत २०१८ पासून इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत आहे आणि काही राउटरांत ती एका बटणावर चालू करता येते. राउटरपासून पीसीपर्यंत लॅनची वायर ओढणं हीदेखील ट्वीकच आहे, आणि वायफायचा अवखळपणा घालवणारी याहून स्वस्त गोष्ट मला माहीत नाही.

टायमरची गोष्ट अशीच. विंडोजचं अंतर्गत घड्याळ एरवी १५.६ मिलिसेकंदांनी ठोका देतं. ते अर्ध्या मिलिसेकंदावर आणणारी छोटी सॉफ्टवेअर्स कित्येक जण पार्श्वभूमीला चालू ठेवतात. पण जलद ठोका हवा असेल तर खेळ स्वतःच तो मागून घेतो, आणि २०२० च्या विंडोज १० आवृत्तीपासून एका प्रोग्रामने मागितलेला ठोका आपोआप दुसऱ्याला मिळतही नाही. ही सॉफ्टवेअर्स बिचारी कोणाचं नुकसान करत नाहीत. नुकसान करते ती त्यांच्यामागची सवय: न मोजता विश्वास ठेवायचा, आणि मग पुढची, जास्त खोलवर जाणारी ट्वीकही त्याच विश्वासाने करायची.

आता ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसरचा वेग ५ टक्के वाढवला, आणि फ्रेमही तेवढ्याच वाढल्या असं उदारपणे धरलं, तर ३०० एफपीएसवर एका फ्रेमचा वेळ ३.३३ वरून ३.१७ मिलिसेकंदांवर येतो. साखळीत तीन फ्रेमचा उशीर धरला तरी वाचले अर्धा मिलिसेकंद. वरच्याच गणितात घातलं तर शंभरातल्या ५० लढतींच्या ५०.५ होतात. यासाठी व्होल्टेज, उष्णता आणि वॉरंटी पणाला लावायची का?

व्होल्टेजचा धोका पुस्तकी नाही, हे गेल्या काही वर्षांत दोनदा दिसलं. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे रायझन ७००० एक्सथ्रीडी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. रॅम जलद चालवणारा एक्स्पो प्रोफाइल लावल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला नको इतका व्होल्टेज देत होते. एएमडीने नंतर तो १.३ व्होल्टवर बांधला. दुसऱ्या वर्षी इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं प्रकरण गाजलं. खेळ अधूनमधून बंद पडायचे, पडद्यावर ग्राफिक्सची मेमरी संपल्याचा संदेश यायचा, आणि लोक बिचारे कार्ड बदलत बसायचे. जुलै २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं, की प्रोसेसर चुकीच्या गणितामुळे जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण जो प्रोसेसर आधीच झिजला होता, त्याला ती दुरुस्ती बरं करू शकत नव्हती.

या दुसऱ्या घटनेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही, की त्यातल्या असंख्य लोकांनी स्वतः एकही ट्वीक केलेली नव्हती. चाचण्यांच्या तक्त्यात आपला बोर्ड दोन टक्क्यांनी वर दिसावा म्हणून मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी प्रोसेसरच्या विजेवरच्या मर्यादा कारखान्यातूनच सैल करून ठेवल्या होत्या. मूळ दोष त्यामुळे आला असं इंटेलने म्हटलं नाही, तरी अखेर कंपनीला आपल्या शिफारशीतली सेटिंग्ज लावा असं सगळ्यांना सांगावं लागलं. म्हणजे 'मी काही छेडछाड केली नाही' एवढं म्हणून आज सुटका होत नाही. बायोसमध्ये जाऊन त्या मर्यादा मूळ जागी आणणं ही आजच्या घडीला मी सुचवेन अशी पहिली ट्वीक आहे.

रॅमचा धोका तर आणखी दबकत येतो. प्रोसेसर अस्थिर झाला तर मशीन बंद पडतं, निदान कळतं. रॅम काठावर चालत असेल, तर अधूनमधून एखादा बिट चुकतो, आणि चुकलेली माहिती गुपचूप डिस्कवर लिहिली जाते. खेळ व्यवस्थित चालतो. चार महिन्यांनी फोटोंची फाइल उघडत नाही, विंडोजचं अपडेट अडतं. दोषी कोण, हे कोणालाच आठवत नाही. म्हणून एक्स्पो किंवा तसाच एक्सएमपी प्रोफाइल लावल्यावर रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवायची. ज्यांना एवढी सवड नाही, त्यांनी तो प्रोफाइल लावूच नये.

उलट्या दिशेची एक ट्वीक मात्र आपल्या हवामानात खरी उपयोगाची आहे. व्होल्टेज कमी करणं. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवला की वीज सुमारे १९ टक्क्यांनी उतरते. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात पारा ४५ च्या घरात असतो. हवेचा कूलर कितीही महाग आणा, तो चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच तापते, आणि १०० अंशांच्या आसपासची मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग खाली आणतो. त्या क्षणी फ्रेम अडखळतात. जाळीतली धूळ काढणं आणि ग्राफिक्स कार्डचा व्होल्टेज थोडा उतरवणं यांनी सरासरी फारशी वाढणार नाही, पण तिसऱ्या तासालाही खेळ पहिल्या तासासारखा चालेल. फसलं तर मशीन अडखळेल, रीस्टार्ट करून मूळ आकडा लावता येईल. बऱ्याच लॅपटॉपवर प्रोसेसरचा व्होल्टेज मात्र आता हलवता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी उघड झाली. व्होल्टेज मुद्दाम उतरवून प्रोसेसरमधली गुपितं फोडता येतात हे तिच्यातून दिसलं, आणि मग ही सोयच बंद केली गेली.

आणि इथून आपण 'नुकसान कोणाच्या खात्यातून' या पहिल्या रकान्याकडे येतो, जो मला या सगळ्यात सर्वांत गंभीर वाटतो.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत 'गेमिंग पीसी' हा एकुलता एक पीसी असतो. त्याच्यावर रात्री सामना होतो आणि सकाळी वडिलांचं नेट बँकिंग, आईच्या दुकानाचा जीएसटी, बहिणीचा प्रवेशाचा अर्ज. आता एफपीएस वाढवणारी तयार स्क्रिप्ट काय करते बघा. विंडोज डिफेंडर बंद, अपडेट बंद, मेमरी इंटिग्रिटी बंद, वापरकर्त्याची परवानगी विचारणारी खिडकी बंद. आणि हे सगळं चालवायला तिला ॲडमिनिस्ट्रेटरचे पूर्ण अधिकार द्यावे लागतात. त्या स्क्रिप्टमध्ये काय लिहिलं आहे, हे चालवणाऱ्यांपैकी किती जण वाचतात?

अपडेट बंद ठेवल्याने काय होतं याचा धडा २०१७ ने दिला आहे. वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिलं होतं. हल्ला झाला १२ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ते घेतलं नव्हतं, त्यांच्यापैकी अनेकांच्या फायली कुलूपबंद झाल्या. ट्वीक करण्याची साधनंही या धोक्याच्या बाहेर नाहीत. कार्डाचं व्होल्टेज, पंख्याचा वेग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला थेट हार्डवेअरशी बोलावं लागतं, म्हणून ते कर्नलमध्ये ड्रायव्हर बसवतं. एमएसआय आफ्टरबर्नर या अतिशय लोकप्रिय आणि प्रामाणिक साधनाच्या जुन्या ड्रायव्हरमधली त्रुटी २०२२ मध्ये ब्लॅकबाइट ही खंडणीखोर टोळी अँटीव्हायरस आंधळे करण्यासाठी वापरत होती. ज्यांच्याकडे ते साधन नव्हतं, त्यांच्याकडे तो ड्रायव्हर ती स्वतः घेऊन जायची, कारण त्यावर खरी सही होती.

मेमरी इंटिग्रिटीबद्दल न्याय्य बोलायला हवं. कर्नलमध्ये खोटा कोड शिरू नये म्हणून असलेलं हे संरक्षण काही खेळांत काही टक्के वेग खातं, हे मायक्रोसॉफ्टनेही नाकारलेलं नाही. उलट २०२२ मध्ये कंपनीने स्वतःच लिहिलं, की खेळणाऱ्यांना ते खेळण्यापुरतं बंद करता येईल, आणि खेळून झाल्यावर परत चालू करावं. बंद केलं तर धोका वाढतो, हेही त्यात होतं. ज्याचं मशीन फक्त खेळासाठी आहे, त्याने हा सौदा डोळे उघडे ठेवून केला तर माझी हरकत नाही. बँकेच्या पासवर्डाशेजारी बसून, घरात कोणाला न सांगता तो करण्याला माझी ठाम हरकत आहे. आणि 'खेळून झाल्यावर परत चालू' करणारा खेळाडू मी अजून पाहिलेला नाही.

खेळ बनवणाऱ्यांनाही यातून मोकळं सोडता येणार नाही. फसवणूक पकडण्यासाठी 'व्हॅलोरंट'च्या व्हॅनगार्डसारखी अँटी-चीट स्वतःच कर्नलमध्ये बसते आणि मशीन चालू झाल्यापासून जागी असते. २०१३ मध्ये ईएसईए या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या अँटी-चीट सॉफ्टवेअरमधून खेळाडूंच्या ग्राफिक्स कार्डांवर गुपचूप बिटकॉइनचं मायनिंग केलं गेलं होतं, आणि न्यू जर्सी राज्याशी तडजोड करून संस्थेला दंड मान्य करावा लागला. एवढा खोल प्रवेश मागणाऱ्या प्रत्येकाला, मग ती कंपनी असो की ट्वीकवाला, नुकसान कोणाच्या खात्यातून जाणार, हाच प्रश्न विचारला पाहिजे. निदान आता अँटी-चीटचा रोख संरक्षण वाढवण्याकडे आहे. विंडोज ११ वर 'व्हॅलोरंट' टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. ज्या 'हलक्या' विंडोजमध्ये हे सगळं उडवलेलं असतं, तिच्यावर खेळणारा वेगाने धावायच्या आधीच दाराबाहेर राहतो.

दाराबाहेर राहण्याचा दुसरा मार्ग म्हणजे बंदी. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या ड्रायव्हरमधलं अँटी-लॅग प्लस चालू करणाऱ्या काही खेळाडूंवर 'काउंटर-स्ट्राइक २'मध्ये बंदी आली. उशीर कमी करण्यासाठी तो ड्रायव्हर खेळाच्या इंजिनातल्या फंक्शनांचा ताबा घेत होता, आणि फसवणूक करणारी सॉफ्टवेअर्सही नेमकं हेच करतात. एएमडीने सुविधा मागे घेतली, खेळ बनवणाऱ्या व्हॉल्वने बंदी उठवली, आणि २०२४ मध्ये तीच कल्पना अँटी-लॅग २ म्हणून खेळाच्या संमतीने, आतून आली. जगातल्या मोठ्या कंपनीच्या अधिकृत ड्रायव्हरची ही गत, तर अनोळखी डीएलएल फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये टाकणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी?

ट्वीक आणि फसवणूक यांच्यातली रेघ कुठे, हे २०२४ मध्ये कीबोर्डांनी विचारलं. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये डावीकडे धावताना अचूक गोळी मारायची, तर डावीचं बटण सोडून क्षणभर उजवीचं दाबून थांबावं लागतं. हे जुळवायला वर्षं जातात. रेझरचं स्नॅप टॅप आणि वूटिंगची तशीच सुविधा हे काम कीबोर्डकडून करून घेऊ लागली. ऑगस्टमध्ये व्हॉल्वने आपल्या सर्व्हरवर ते बंद केलं. मला तो निर्णय पूर्ण बरोबर वाटतो. उशीर कमी करणारी ट्वीक माझा निर्णय खेळापर्यंत लवकर पोचवते, पण स्नॅप टॅप तो निर्णय माझ्या वतीने पार पाडतं. भारतीय खेळाडूंना ही रेघ ओलांडण्याची किंमत आठवत असेल. २०१८ मध्ये शांघायला ऑप्टिक इंडियाच्या एका खेळाडूच्या मशीनवर 'वर्ड' असं निरागस नाव दिलेली फाइल सापडली, संघ स्पर्धेतून बाद झाला आणि मोडला. निशाणा आपोआप जुळवणारं ते सॉफ्टवेअर ट्वीक नव्हतं, उघड फसवणूक होती. पण 'थोडा फायदा तर सगळेच घेतात' हे वाक्य दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं, म्हणून मला त्याची भीती वाटते.

मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्यांचंही बघा. तिथे खेळाडू आपला माऊस, कीबोर्ड, हेडफोन नेतो. मशीन आयोजकांचं असतं. रजिस्ट्री बदलता येत नाही, बायोसला हात लावता येत नाही. ज्याचा हात स्वतःच्या घडवलेल्या मशीनच्या विशिष्ट चालीवर बसला आहे, तो तिथे परका होतो. संवेदनशीलतेचा आकडा, रिझोल्यूशन, फ्रेमची मर्यादा एवढंच सोबत नेता येतं. सराव त्याच मर्यादेत करणं हे स्पर्धेच्या तयारीचं अंग आहे, आणि अकादम्यांनी मुलांना ट्वीकच्या याद्या देण्याऐवजी हे शिकवावं.

एक गोष्ट मात्र मला सतत अस्वस्थ करते. ट्वीकची खरी गरज कोणाला आहे? ज्याच्याकडे नवं कार्ड आहे त्याला नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुने भाग जमवून मशीन उभं करणाऱ्या, ४५ एफपीएसवर अडकलेल्या मुलाला आहे. ४५ चे ७० झाले तर फ्रेमचा वेळ २२ वरून १४ मिलिसेकंदांवर येतो, आणि हे आठ मिलिसेकंद त्याच्यासाठी प्रचंड आहेत. त्याच मुलाकडे वॉरंटी नाही, दुसरा पीसी नाही, मदरबोर्ड गेला तर पुढचा वर्षभर येणार नाही. धोका पत्करण्याची ऐपत ज्याला सर्वांत कमी, त्यालाच तो पत्करावा लागतो. त्याला 'ट्वीक करू नकोस' सांगणं निर्दयपणाचं आहे. खेळाच्या आतली सेटिंग्ज उतरवणं, रिझोल्यूशन कमी करणं, दुसरी रॅमची पट्टी, सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद करणं, थर्मल पेस्ट बदलून धूळ काढणं, यातून त्याला मिळण्यासारखं बरंचसं मिळतं. हे परत फिरवता येतं, आणि कॅपफ्रेमएक्ससारख्या मोफत साधनाने आधी व नंतर मोजताही येतं. एका वेळी एकच बदल, तोच नकाशा, तीच मिनिटं. फरक दिसला नाही तर बदल परत. मोजता येत नाही किंवा परत फिरवता येत नाही अशी ट्वीक, ती कितीही मोठ्या खेळाडूच्या नावाने आली असली तरी, या मुलाच्या मशीनवर जाऊ नये.

घरच्या कामांसाठी वेगळा पीसी परवडत नाही, पण एक लहान एसएसडी बहुतेकांना परवडते. एकीवर खेळाची विंडोज, दुसरीवर घराची, आणि घराची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे खेळाच्या बाजूने काही शिरलं तरी बँकेच्या कागदांपर्यंत सहज पोचणार नाही. बायोस मात्र दोघींना एकच असतो. व्होल्टेज किती ठेवायचं, सिक्युअर बूट चालू की बंद, हे दुसरी डिस्क आणूनही वेगळं करता येत नाही. ते बदल करायचे असतील, तर त्या मशीनवर ज्याचं ज्याचं काम चालतं, त्या प्रत्येकाला आधी विचारावं लागेल.